गाईपासून सुरुवात करा: गोव्यात कंपनी आणि गाव मिळून जंगल राखताना

जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधेने. त्याआधी त्या भागात वाघाकडून गुरं मारली गेली होती. त्या दिवसांत वाळपईला एका ओळखीच्या म्हाताऱ्या गवळ्याने मला विचारलं होतं, "वाघाक सरकार आसा, म्हजे म्हशीक कोण आसा?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून कुठलीही कंपनी "आम्हाला जंगलासाठी काहीतरी करायचंय" म्हणत आली की मी आधी तोच प्रश्न पुढे ठेवतो.

हा लेख दोघांसाठी आहे. वेर्णा, कुंडई किंवा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत नुकतीच सीएसआरची, म्हणजे कंपनीने करायच्या सामाजिक कामाची, जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या गावात अशी कंपनी येऊन उभी राहते त्या तरुण पंचांसाठी, महिला गटांसाठी. मी काही वर्षं या दोघांच्या मधे उभा राहून काम केलं आहे. त्यातून जे हाताला लागलं ते क्रमाने सांगतो.

आधी पैशाचे नियम

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरण, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण, कृषिवनीकरण हे विषय स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे जंगलासाठी खर्च करायला आडकाठी नाही.

आडकाठी दुसरीकडे आहे. कंपनीला दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करायलाच हवं, ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. प्रकल्पासाठी झाडं तोडली म्हणून लावायची भरपाईची झाडं यात येत नाहीत. फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचं कामही येत नाही. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही नाही. काम संस्थेमार्फत करायचं असेल तर ती संस्था कंपनी व्यवहार खात्याकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदलेली असावी लागते, आणि तिच्याकडे आयकर कायद्याखालची १२-ए व ८०-जी नोंदणी लागते. गावातल्या स्वयंसहाय गटाकडे हे सहसा नसतं, म्हणून मधे एखादी नोंदलेली संस्था घ्यावी लागते.

पण एक नियम गावाच्या बाजूचा आहे आणि तो फार कमी जण वापरतात. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता, म्हणजे रोपवाटिका, सौर कुंपण, पाण्याची टाकी, ही लाभार्थींच्या स्वयंसहाय गटाच्या किंवा समूहाच्या नावावर करता येते. बोलणी सुरू होतानाच हे मागून घ्या. काम संपल्यावर यंत्र संस्थेच्या गोदामात आणि गाव रिकामं, असं मी पाहिलं आहे.

दुसरा उपयोगी शब्द "चालू प्रकल्प". सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालवता येतो, आणि त्या वर्षी न संपलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येतो. जंगलाचं काम एका वर्षात होत नाही. संचालक मंडळाकडून पहिल्याच बैठकीत ही मुदत मंजूर करून घ्या; नंतर मागायला गेलात तर कुणी ऐकत नाही.

मार्च महिन्याचा सापळा

कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानाचं वर्ष पावसावर आणि काजूवर चालतं. या दोन कॅलेंडरांची गाठ पडत नाही, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच बिघडतात.

नेहमी काय होतं ते सांगतो. मंजुरी मिळेपर्यंत दिवाळी जाते. पैसा फेब्रुवारीत येतो. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून घाईने रोपं विकत घेतली जातात, भर उन्हात खड्डे मारले जातात, फोटो निघतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मार्चमध्ये लावलेलं रोप जूनपर्यंत जगवायचं तर रोज कुणीतरी पाणी घालायला हवं. एका गावातली बाई मला म्हणाली होती, "झाडां लावंक सगळे येतात, उदक घालपाक कोणूच येना." त्या वर्षीची जवळपास सगळी रोपं गेली.

उपाय साधा आहे. मार्चमध्ये खर्चच करायचा असेल तर तो आगीच्या राखणीवर करा, रोपवाटिकेच्या मातीवर आणि पिशव्यांवर करा, मजुरीवर करा. लागवड पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर, चालू प्रकल्पाच्या खात्यातून. गणेश चवथीच्या आठवड्यात आणि शिगम्याच्या (होळीच्या) दिवसांत गावात बैठक ठेवू नका. कुणी आलं तरी मन तिथे नसतं.

गाव निवडताना

नकाशावर अभयारण्याची हद्द पाहून गाव निवडू नका. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली. पहिलं २०८ चौरस किलोमीटर, दुसरं २११. दोघांच्याही आत आणि काठाला गावं आहेत, आणि ती गावं अभयारण्याच्या आधीपासूनची आहेत. काही ठिकाणी लोकांच्या मनात हद्दीबद्दल आणि वनहक्कांबद्दल अजून राग आहे. तिथे तुमचा फलक लागला की तो कुणाच्या बाजूने लागला असं विचारलं जाईल. ते आधी ओळखा.

निदान सहा वेळा गावात जा. त्यातल्या दोन वेळा संध्याकाळी, जेव्हा गुरं परत येतात आणि कुळागरातून (सुपारी-नारळ-केळीच्या बागेतून) माणसं घरी येतात. गव्यांनी कुणाची केळी मोडली, माकडांनी किती नारळ पाडले, कुठल्या झरीला एप्रिलमध्ये पाणी उरत नाही, रानात तारेचे फास कोण लावतं याबद्दल लोक कसे बोलतात, हे त्या वेळी कळतं. दुपारच्या बैठकीत हे कुणी सांगत नाही.

ग्रामसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमचो हांगा कसलो प्रोजेक्ट येतलो?" खाणपट्ट्यातल्या लोकांनी कंपनीची झाडं आणि कंपनीचे ट्रक एकाच रस्त्याने येताना पाहिले आहेत. त्यांना शंका येणं स्वाभाविक आहे. तुमच्या कंपनीचा तालुक्यात काही हितसंबंध असेल, जमीन घेतली असेल, परवाना मागितला असेल, तर तो त्याच ग्रामसभेत स्वतःहून सांगा. लपवलेलं तीन महिन्यांत बाहेर येतं, आणि मग चांगलं कामही बुडतं.

जमीन कोणाची?

इथे थांबून वेळ द्या. महाराष्ट्रातून आलेली मंडळी सात-बारा विचारतात. गोव्यात एक-चौदाचा उतारा असतो. पण उताऱ्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ बसेलच असं नाही. एकाच डोंगरावर सरकारी वन, कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामूहिक संस्थेची) जमीन, सत्तरीत मोकाशाची (इनामदाराची) जमीन, भाटकाराची (जमीनदाराची) खाजगी जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या माणसाची काजूची बाग, सगळं शेजारी शेजारी असतं. काजूची बाग कागदावर वन म्हणून नोंदलेली असू शकते. तिथे तुम्ही वनखात्याच्या परवानगीने खड्डे मारलेत तर कुणाच्या तरी उत्पन्नावर कुदळ चालवता.

देवराई हा आणखी वेगळा विषय. सत्तरीतल्या ठाणे पंचायतीजवळच्या भागापासून म्हादई नदीच्या काठापर्यंत गावोगावी देवाच्या नावाने राखलेली रानं आहेत. बांबर गावातली निरंकाराची राय तर जगाने पाहावी अशी आहे: पाणथळ जागेत रानटी जायफळाची झाडं, आणि त्यांची मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. अशा रायीत काही करायचं तर देवस्थान समिती आणि गांवकार (गावची मूळ घराणी) यांचं मत आधी. बऱ्याच ठिकाणी कौल घेतला जातो. तो घेऊ द्या, आणि देवाने नाही म्हटलं तर दुसरं काम शोधा. त्या रायी आजवर टिकल्या त्या याच शिस्तीने. सुशोभीकरण, फरशी, बाक, प्रवेशद्वार, रंगीत दिवे हे तर अजिबात नको. रायीसाठी कंपनीने केलेलं सर्वांत चांगलं काम मी पाहिलं ते एवढंच होतं: कडेने येणारा कचरा रोखायचा आणि वरच्या बाजूचा ओहोळ मोकळा ठेवायचा.

आणि सडा. जांभा दगडाचं उघडं पठार एप्रिलमध्ये पाहिलं तर ओसाड वाटतं, आणि कंपनीचे लोक म्हणतात, "इथे जागा आहे, इथे झाडं लावू." कृपा करून लावू नका. जुलै-ऑगस्टात तोच सडा सीतेच्या आसवांनी निळा, गेंदाने पांढरा, तेरड्याने गुलाबी होतो. त्या पातळ मातीतली बरीच गवतं आणि फुलं इतरत्र सहसा उगवत नाहीत. पावसाचं पाणी सड्यातून झिरपून खालच्या झरी चालतात. तिथे अकेशियासारख्या परदेशी झाडांच्या रांगा उभ्या केल्या की फुलं जातात, आणि गुरांचं गवतही जातं. खाणींच्या ढिगांवर अकेशिया लावण्याची सवय गोव्याला जडली. ती निदान सड्यावर तरी नेऊ नये.

कोणाकोणाला भेटायचं

वनखात्याचा आरएफओ (वनक्षेत्रपाल), पंचायतीचे सरपंच आणि पंच, पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिथे आहे तिथे वनहक्क समिती. जैवविविधता समिती २००२ च्या कायद्याने आलेली आहे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती नोंदवही मागून वाचा. काही गावांत ती फार प्रामाणिकपणे भरलेली असते, आणि तुमचं अर्धं सर्वेक्षण त्यातच मिळतं. अभयारण्याच्या आत काहीही करायचं, अगदी कॅमेरा ट्रॅप लावायचा असेल तरी, लेखी परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि संवर्धन करण्याचा हक्क दिला आहे. वेळीप, गावडा, कुणबी वस्त्यांमध्ये हे लक्षात ठेवून बोला. तुम्ही त्यांच्या हक्कात मदत करायला आला आहात.

धनगर-गवळी वाड्यांवर मात्र वेगळं जावं लागतं. ते ग्रामसभेत क्वचित बोलतात, वाडा गावापासून लांब असतो, आणि वाघ-बिबट्याचं नुकसान सर्वांत जास्त त्यांच्याच गोठ्यात होतं.

काम कुठलं घ्यायचं

आता त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. माझं ठाम मत आहे की पहिलं काम गावाचं नुकसान कमी करणारं असावं, आणि त्यानंतरच झाडं, फुलपाखरं, निसर्गशिबिरं.

गुरं मारली गेली तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. पीक गेलं तर कृषी खात्याचा शेतकरी आधार निधी आहे. पण पंचनामा, फोटो, दाखले, बँक खातं, आणि मग वाट पाहणं. गाय गेलेल्या घराला दूध त्याच दिवशी बंद होतं. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवती कॉर्बेट फाउंडेशनने डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाच्या साथीने यावर एक रीत बसवली: वाघाने जनावर मारलं की लगेच तपासणी करून अंतरिम रक्कम द्यायची, सरकारी भरपाई तिच्या वाटेने येते. अट एकच, मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, विष घालायचं नाही. कंपनीसाठी हे फार सोपं काम आहे. छोटा निधी, गावातली तीन-चार माणसांची समिती, वनरक्षकाची सही, आणि दोन-तीन दिवसांत पैसे हातात. सोबत अर्ज भरून देणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी. वाड्यावरच्या कुणाला मोबाइलवर अर्ज भरता येत नसेल तर एवढ्याने किती फरक पडतो, ते करून पाहा. गोठ्याला जाळी, पक्कं दार आणि दिवा हा याच कामाचा दुसरा भाग.

गव्याचा प्रश्न वेगळा आहे. तो गोव्याचा राज्यप्राणी, दिसायला देखणा, आणि एका रात्रीत कुळागरातली केळी झोपवणारा. सौर कुंपणाचा आग्रह सगळे धरतात. कुंपण चालतं, पण त्याला माणूस लागतो. पावसाळ्यात गवत आणि वेली तारेला टेकल्या की प्रवाह जमिनीत जातो आणि कुंपण नुसतं शोभेचं राहतं. म्हणून दर आठवड्याला तारेखालचं गवत कोण कापणार, बॅटरी संपल्यावर नवी कशी येणार, हे आधी ठरवा. ज्यांची बागायत आत येते त्यांनी थोडा थोडा वाटा घालावा. फुकटचं कुंपण कुणाचंच नसतं. एकाच बागेला कुंपण घातलं की गवे शेजाऱ्याकडे वळतात, तेव्हा पूर्ण वाडा धरून आखणी करा. आणि घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणाऱ्याला पहिल्याच दिवशी थांबवा. त्याने गवा मरतो, गुराखीही मरतो.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली होती. ते दृश्य सगळ्या राज्याने पाहिलं. पण जमिनीवरची आग शेवटी विझवली ती झाडाच्या ओल्या फांद्या आणि पाला उडवणारे ब्लोअर घेऊन चढलेल्या वनरक्षकांनी आणि गावच्या मुलांनी. कंपनीच्या पैशाला याहून चांगलं काम मला माहीत नाही: जानेवारीपासून पहिल्या पावसापर्यंत गावातल्या आठ-दहा जणांना राखणीची मजुरी, ब्लोअर, चांगले बूट, पाण्याचे कॅन आणि विमा. प्रशिक्षण वनखात्याकडून, आणि खात्याचा माणूस सोबत असल्याशिवाय आगीवर जायचं नाही. जाळरेषा काढायच्या त्या काजूच्या हंगामाआधी. काजूच्या बागेत पाला गोळा करून जाळणाऱ्यांशी भांडू नका. कुठल्या दिवशी, वारा पडल्यावर, किती जणांनी उभं राहून जाळायचं हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वयंसेवक म्हणून वणव्यावर पाठवण्याची कल्पना कुणी मांडली तर ती तिथेच सोडा.

रोपवाटिका महिला गटाला द्यायला उत्तम. भिरंड (कोकम), जांभूळ, किंदळ, शिवण, नाणा, अशी त्याच डोंगरावरची बी. बी कुठून आणली ते वहीत लिहायला सांगा. कंपनीने रोपं त्यांच्याकडूनच, ठरलेल्या भावाने घ्यावीत, आणि जगलेल्या झाडासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी वेगळी रक्कम द्यावी. खड्ड्याच्या संख्येवर पैसे दिले तर खड्डे मिळतात.

गावच्या माणसांनीच राखण करण्याची आपल्या किनाऱ्यावर जुनी उदाहरणं आहेत. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वनखात्यासोबत स्थानिक माणसं राखत आली आहेत. दूर अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या काठी शहरातले लोक धनेशाचं घरटं दत्तक घेतात आणि तो पैसा न्यिशी समाजातल्या घरटी-राखणदारांच्या पगाराला जातो. धनेश आपल्याकडेही आहेत. सत्तरीत किंवा धारबांदोड्यात एखाद्या गावाने हे करायला घेतलं तर मला फार आनंद होईल.

करार

मराठीत किंवा कोंकणीत लिहा, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. इंग्रजी प्रत कंपनीसाठी. त्यात किती पैसा, कुठल्या महिन्यात, कुणाच्या हातात, हे आकड्यांत असू द्या. प्रशासकीय खर्चाला कायद्याने एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला लागू होते, तेव्हा मधल्या संस्थेचे पगार आणि प्रवास किती, हेही गावासमोर वेगळं मांडा. मजुरी गावातल्याच माणसांना, आणि बाईला पुरुषाइतकीच. फोटो कुठे वापरणार ते लिहा. वाड्यावरच्या मुलांचे चेहरे वार्षिक अहवालात विचारल्याशिवाय छापू नयेत. फलक लावायचाच असेल तर लहान, आणि गावाचं नाव कंपनीच्या नावाच्या वर.

काय मोजायचं

कंपनीला आकडे हवेच असतात, आणि ते मागणं चुकीचं नाही. लावलेल्या झाडांऐवजी दुसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत असलेली झाडं मोजा. जनावर मेल्यापासून पैसे मिळेपर्यंत गेलेले दिवस मोजा. किती हेक्टर जळलं, कुंपण किती रात्री बंद होतं, रानातून किती फास काढले, हे मोजा. वाघ मोजू नका. ते वनखात्याचं काम आहे, आणि वाघ कुठे दिसला ही माहिती गावाबाहेर जाणं धोक्याचं. रजिस्टर गावातल्याच कुणाकडून भरून घ्या. सातवी शिकलेल्या एका गवळ्याच्या सुनेने ठेवलेली वही माझ्याकडे आहे. कुठल्या पाणवठ्यावर किती गवे, कुठल्या दिवशी धनेश फळावर आला, सगळं तारखेनिशी. तिच्याइतकी नेमकी नोंद मी कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात पाहिली नाही.

निघताना

तीन वर्षांनी कंपनी जाणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असावं. दुसऱ्या वर्षीच मदतनिधीचं खातं गावसमितीच्या नावावर करा, सौर कुंपणाची बिलं आणि दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर त्यांच्याकडे द्या, रोपवाटिकेला दुसरं गिऱ्हाईक शोधून द्या. पंचायती, शाळा आणि रिसॉर्टवाले रोपं घेतात. शेवटच्या ग्रामसभेत पूर्ण हिशोब वाचायचा, रुपयासकट, चुकलेलं काम धरून. नोंदवहीची एक प्रत पंचायतीत, एक आरएफओच्या कचेरीत, आणि एक देवळाच्या पेटीत. आणि तुमची बदली झाली असली तरी पुढच्या फेब्रुवारीत एकदा वाड्यावर जाऊन या: राखणीचे ब्लोअर चालतात का, आणि मागच्या महिन्यात कुणाची गाय गेली का, एवढं विचारायला.